ओरिजिनल जोडी

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, आणि पेन्शनर म्हटला की त्याला काहीतरी नाद लागतोच. कुणी पहाटे अजिंक्यतारा चढून उशिरा उठणाऱ्या शेजाऱ्यांना लाज आणतो, कुणी यवतेश्वरच्या घाटात गुडघे घालवून येतो, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि मग सगळी सोसायटी पहाटे किल्ल्यावर जायला लागते. अलीकडे यांत एक नवी जात निघाली आहे, जुन्या सायकलींवर जीव टाकणारी. वरच्या रस्त्याला दोन सापडतील, खालच्या रस्त्याला तीन. ओळखायची खूण सोपी. नखांत काळं ग्रीस, खिशात पासबुकाशेजारी दहा-अकराचा पाना, आणि रस्त्यात एखाद्या दूधवाल्याची सायकल दिसली की चालू वाक्य अर्ध्यात टाकून तिच्या मागच्या चाकापाशी उकिडवं बसणं.

आमच्या गल्लीतला नमुना म्हणजे अण्णा. अण्णांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. त्या काळात घरचा गळका नळ त्यांनी कधी दुरुस्त केल्याचं काकूंना आठवत नाही. आता मात्र गच्चीवरच्या खोलीत रॉकेलची वाटी, सुटे छर्रे, कॉटरपिना आणि गंजलेली मडगार्डं यांचा संसार मांडला आहे. हे कशासाठी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आमच्या हिच्यासाठी. दोघांनी मिळून चालवायच्या."

काकूंनी असं काही मागितल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

याची सुरुवात सांगलीत झाली. काकूंचं माहेर गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर चढली, तेव्हा माहेरच्या जिन्याखालची सायकल पाण्यात गेली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातल्या कुणी मेमसाहेब मायदेशी परतताना ती विकून गेल्या होत्या. त्याच सायकलवरून काकू चार वर्षं विलिंग्डन कॉलेजला गेल्या. पाणी ओसरल्यावर मेहुण्यांनी भंगारवाल्याला हाक मारली. भावोजी आलेच आहेत तर गाळ काढायला हात लावतील, अशी घरात भाबडी आशा होती. भावोजींनी दिवसभरात एकाच वस्तूचा गाळ काढला आणि संध्याकाळी ती घेऊन साताऱ्याला पसार झाले.

तर ही लेडीज रॅले. अस्सल नॉटिंगहॅमची. पायडलजवळच्या दातेरी चाकात बगळ्यांच्या माना कोरलेल्या, सळयांचे ब्रेक, आणि मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर. या हबवर तो कोणत्या साली, कोणत्या महिन्यात बनला हे ठोकलेलं असतं. गाळ खरवडल्यावर '५६' आणि '७' दिसले, तेव्हा अण्णा जिन्यावरून ओरडत खाली आले होते. हबचा जन्म छप्पन्न सालच्या जुलैतला, हे आता ते झोपेतून उठवलं तरी सांगतात. काकूंच्या वाढदिवसाची आठवण अजून मुलगी फोन करून देते.

स्वतःसाठी त्यांनी सेन-रॅले मिळवली, आसनसोलच्या कारखान्यातली, कराडच्या भंगारातून. म्हणजे जोडप्यात बाई विलायती आणि बुवा देशी. शिवाय बुवांना गिअर नाहीत. पण अण्णांचा भर गिअरवर नसून 'ओरिजिनल' या शब्दावर. पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्या चाकाला ४०, एकही कमी चालणार नाही. सोनेरी रेघा ब्रशनेच ओढायच्या, स्टिकर लावणाऱ्याचं तोंड पाहायचं नाही. नगरपालिका पूर्वी सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची. तसले दोन बिल्ले पैदा करून लावले आहेत. कुणी अडवायला नको म्हणून! काकूंनी मऊ सीट मागितली, तर "कातडी सीट ओरिजिनल आहे, बसून बसून तयार होते," हे उत्तर. कोण तयार होतं, सीट की बसणारा, याचा खुलासा झाला नाही.

अण्णांचं घोडं अडलं ते साडीच्या जाळीपाशी. लेडीज सायकलच्या मागच्या मडगार्डला कडेनं बारीक भोकं असतात. त्यांतून दोरी ओवून ती आसापर्यंत पंख्यासारखी ताणायची, म्हणजे पदर चाकात जात नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसानं यावर आठवडा घालवला. दोरी कुठे सैल, कुठे गाठ. शेवटी काकू भाजी निवडता निवडता उठल्या, क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा घेऊन बसल्या, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक बाजू ओवून मोकळ्या झाल्या. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला ती जाळी दाखवतात. "बघा, ओरिजिनल वाटते की नाही?"

अण्णांना किर्लोस्करांचाही मोठा आधार आहे. लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचं दुकान काढलं. ते मुंबईहून सायकली धाडायचे, भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. "म्हणजे अख्खी किर्लोस्करवाडी सायकलीवर उभी आहे," असं अण्णा चहाच्या कपावर हात आपटून सांगतात. त्यावर काकू आतून म्हणतात, "ते विकत होते. तुम्ही नुसत्या आणता."

खरं सांगू का, या पिढीतल्या नवऱ्याला "चल गं, जरा फिरून येऊ" एवढं पाच शब्दांचं वाक्य बोलता येत नाही. मोती चौकात तो बायकोच्या दहा पावलं पुढे चालतो आणि दुकान आलं की मागे वळून पाहतो, आली का. तेच वाक्य बोलायला त्याला मग छर्रे, ग्रीस, सोनेरी रंग आणि दोन वर्षं लागतात. लागू देत.

सायकली तयार झाल्या आणि साताऱ्याची अडचण पुढे आली. राजवाड्यावरून पोवई नाक्याला जायला पायडल मारावं लागत नाही आणि परत यायला मारून उपयोग होत नाही. त्यात सळयांचे ब्रेक पावसात धरतीलच असं नाही. पहिल्याच फेरीत दोघं जाताना सायकलवर आणि येताना सायकल हातात धरून आले. काकू म्हणाल्या, "चालायचंच होतं तर चपला पुरे होत्या. सांगलीला न्या."

हळद घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात निघालेल्या एका टेम्पोत सायकली चढल्या. उतरल्या तेव्हा दोन्ही नखशिखान्त पिवळ्या! लग्नाच्या आदल्या दिवशी नवरानवरी दिसावीत तशा. मेहुण्यांनी विचारलं, "अक्षता कधी?" अण्णांनी फडकं काढलं. हळद सोनेरी रेघांत घुसलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामबागकडे स्वारी निघाली. सांगलीत चढ बघायचा तर पुलावर जावं लागतं. बाकी सगळा रस्ता पाटासारखा. काकूंनी पदर खोचला, टाच मारली आणि पुष्पराज चौक यायच्या आत तिसरा गिअर टाकून त्या दिसेनाशा झाल्या. अण्णा मागे बिनगिअरचं धूड रेटत राहिले आणि तेवढ्यात चेन उतरली. दहा मिनिटांनी काकू विलिंग्डनचं फाटक बघून परत आल्या, रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून दोन बोटांनी चेन बसवली, हात अण्णांच्या रुमालाला पुसले आणि निघाल्या. साताऱ्यात परतल्यावर अण्णांनी गल्लीला सांगितलं, "ओरिजिनल चेन आहे. उतरणारच."

मध्यंतरी ते पुण्याला कर्वेनगरचं पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून आले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात टँडेम आहे, एकाच सायकलवर दोघांनी पुढंमागं बसायचं. त्यात कुणी मागे राहायचा प्रश्नच नाही. काकूंना त्यांनी जेवताना हळूच विचारलं. काकू म्हणाल्या, "आणा. पण पुढं मी बसणार."

टँडेमवर मागच्या माणसाचं हँडल नुसतं धरायला असतं, वळत नाही. त्यावर निदान ओरिजिनल घंटी तरी बसवता येते का, याची अण्णांनी चौकशी सुरू केली आहे.