अनुभवी शिक्षकांचे मंडळ

मराठीत सध्या सर्वांत जास्त पाठ केला जाणारा गद्यलेखक मी आहे. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण पुस्तकावर माझं नाव नसतं. तिथे 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ' असं छापलेलं असतं. मंडळ म्हणजे मी आणि समोरच्या टेबलावरच्या बाई. बाईंनी एकदा शेजारच्या मुलाला सायकल शिकवली होती. माझा तेवढाही अनुभव नाही.

पुण्यातल्या एका बड्या प्रकाशन कंपनीत नोकरी लागली तेव्हा मी दोन झब्बे शिवून घेतले होते. मुलाखतीत मर्ढेकरांवर इतकं बोललो की साहेबांनी घड्याळाकडे बघत 'वा' म्हटलं. मला वाटलं, आता कादंबरीकार आपल्या टेबलाशी चहा पितील आणि आपण त्यांना तिसरं प्रकरण उडवायला सांगू. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्यापुढे नववीच्या गाइडची प्रुफं ठेवली. साहित्य वरच्या मजल्यावर होतं. तिथे कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती खपल्या की पेढे वाटतात. आमच्याकडे कागद ट्रकने येतो. ते पेढे कोणाच्या पैशांचे, हे लिफ्टमनलाही ठाऊक आहे. तरी लिफ्टमध्ये वरची मंडळी 'तुमचा मजला आला' हे अशा काही आवाजात सांगतात, की झब्बा आपोआप आखूड होतो.

'बालभारती'चं पुस्तक बदललं की आमची लगीनघाई. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून फोनवर फोन, 'गाइड कधी?' त्या उन्हाळ्यात मी झोपेतही आकृतिबंध पूर्ण करत होतो.

पण हे सगळं राहू द्या. मला बोलायचंय ते स्वमताबद्दल.

कृतिपत्रिकेतलं स्वमत म्हणजे विद्यार्थ्याने आपलं मत आपल्या शब्दांत लिहायचं. मग तिथे गाइडचं काम काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ज्यात स्वमताचं उत्तर नाही ते गाइड कसलं, असं बाजार म्हणतो. दहावीला दरवर्षी पंधरा लाखांच्या वर मुलं बसतात. सगळी काही आमचं गाइड घेत नाहीत (हे मोठ्या मनाने कबूल करतो), पण जी घेतात त्यांचं स्वतःचं मत मी लिहितो. घरी भाजी कोणती आणायची यावर मला कोणी विचारत नाही. सोसायटीच्या सभेत मी हात वर केला, की अध्यक्षांना वाटतं पंखा कमी करायचाय. आणि इकडे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोरं 'मला असे वाटते की' लिहून पुढे मला जे वाटतं ते लिहितात! वृक्ष हे माझे सखे आहेत, असं मीच लिहिलंय. गॅलरीतली तुळस दोनदा वाळली. मी शेतात राबलो आहे, पहिल्या पावसात भिजून धन्य झालो आहे, मोबाइलचा अतिवापर मला अजिबात मान्य नाही. सगळं सात-आठ ओळींत. एकदाच माझं खरं मत लिहिलं: 'हा पाठ मला कंटाळवाणा वाटला.' कारणंही दिली होती, मुद्देसूद. बाईंनी लाल पेनाने त्याभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, 'गुण कोण देणार?'

गेल्या दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. भाची दहावीला. तिने सहामाहीचा पेपर दाखवला. जवळच्या माणसाच्या मायेविषयी स्वमत होतं. तिने लिहिलं होतं, 'मी क्लासला निघाले की आजी गुडघा धरत जिन्यापर्यंत येते. मी वळून बघितलं की मागे सरकते. ती आलेली मला कळू नये म्हणून.' तीनांपैकी दीड. बाजूला शेरा, 'मुद्देसूद लिहावे.'

आजी म्हणजे माझी आई. तिचा गुडघा दुखतो हे मला त्या उत्तरपत्रिकेतून कळलं.

"असं हवं होतं," म्हणत भाचीने गाइड उघडलं. 'आजीची माया अपरंपार असते. ती आपल्याला संस्कारांची आयुष्यभर पुरणारी शिदोरी देते.' शिदोरी माझीच. आजवर सात गाइडांत वाढली आहे. मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. पेपर तपासणाऱ्या सरांवर काढावा, तर त्यांच्यापुढे गठ्ठा पडलेला असतो आणि शिदोरी दिसली की खूण करायला सोपं जातं. ती सोय त्यांना करून दिली कोणी?

"अगं, हे मी लिहिलंय," मी म्हणालो. "तुझंच चांगलं आहे."

"काहीही हं मामा! अनुभवी शिक्षकांनी लिहिलंय ते. इथे छापलंय बघ." तिने गाइड माझ्या हातात दिलं. "धर. पाठ झालंय का बघ."

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "चहा टाकू का रे?" भाची भिंतीकडे बघून म्हणू लागली, "आजीची माया अपरंपार असते. ती आपल्याला संस्कारांची... संस्कारांची..."

"आयुष्यभर पुरणारी," मी सांगितलं.