घ्यायचं नाहीये, बघतोय

सप्टेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या एका विशिष्ट जातीच्या मराठी काकांना पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावाचे वेध लागतात. गाव चॉकलेटचं. तिथल्या रस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा ‘किस’ चॉकलेटचा आकार दिलाय. पण काकांना मधुमेह. ते जातात आरव्हींच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, प्रदर्शनाला. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं, असं आयोजकांनी नावातच घालून टाकलंय. मैदानभर मोटारहोम आणि ट्रेलर उभे असतात, आणि एकदा तिकीट काढलं की कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून कपाटं उघडायची मुभा मिळते.

काकांनी जन्मात एक रात्र तंबूत काढलेली नाही. डास चावतात, पाठ धरते. सुट्टी म्हणजे डॅलसला मेहुण्याकडे. मग आरव्ही कशाला बघायच्या, असं कुणी विचारलं तर काका त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. ते जागा बघायला आलेले असतात. डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये सहा माणसांत वाढलेल्या या गृहस्थांना एडिसन गावातल्या चार बेडरूमच्या घरात तीस वर्षांत करमलेलं नाही. एवढी जागा आयती मिळाल्यावर माणसाने अक्कल चालवायची कुठे? इथे मात्र जेवायचं टेबल खाली दाबलं की पलंग, पलंग उचलला की कोठीची खोली. बटण दाबल्यावर अख्खी भिंत बाहेर सरकते, त्या स्लाइड-आउटपाशी तर काकांना भरून येतं. “आमच्या बाबांनी बाल्कनी आत घेतली ती हीच आयडिया. फक्त मोटर नव्हती आणि सोसायटीची नोटीस आली.”

तपासणीचा क्रम ठरलेला. आधी भिंतीवर टकटक. “प्लाय.” मग ड्रॉवर तीनदा आत-बाहेर. “चॅनल टिकायचं नाही.” मग बूट पलंगाबाहेर लोंबते ठेवून आडवं होणं. शेवटी बाथरूममध्ये जाऊन, झाकण बंद ठेवून, कमोडवर बसायचं आणि गुडघे दाराला लागतात का ते बघायचं. बाहेर तोवर रांग लागते. लोकांचा गैरसमज होतो, पण काका निश्चिंत असतात.

सेल्समन विचारतो, “कुठे कुठे फिरायचा विचार आहे?” यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन असं काही तरी ऐकायची त्याला सवय. काका विचारतात, “ॲव्हरेज काय देते?” गॅलनला आठ मैल कळल्यावर काका क्षणभर डोळे मिटतात. “लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही!” हे मराठीत, काकूंकडे वळून. किंमत तीन लाख डॉलर निघाली तर ठाण्यातला फ्लॅट मध्ये येतो. त्याला डिझेल लागत नाही.

काकूंच्या पिशवीत मेथीचे पराठे असतात आणि शंका त्याहून खमंग. फोडणी घातली की धुराचा अलार्म बोंबलणार, त्याचं काय? आणि देव पूर्वेकडे तोंड करून बसवले नि गाडी उलटी लावली, तर? “अहो, रोज गाव बदललं की देव बदलायचे का?” यावर काकांकडे उत्तर नसतं, इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यातल्या कारखानदारांकडेही नसावं. देशातल्या बहुतेक आरव्ही त्याच भागात बनतात, आणि बनवणाऱ्या हातांमध्ये आमिश पंथाचे पुष्कळ. हे लोक स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीने जातात. ही माहिती काका दरवर्षी सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात एक आपुलकी येते. ज्याला गाडी घ्यायचीच नाही, त्याचीच नजर साफ असते, असं त्यांना वाटत असावं. मलाही ते काहीसं पटतं.

काकांचा खरा हातखंडा विषय मात्र ब्लॅक टँक. म्हणजे संडासाची टाकी. एकदा एक तरुण अमेरिकन जोडपं नव्या ट्रेलरसमोर बिचकत उभं होतं. काकांनी त्यांना बाजूला घेतलं. कॅम्पग्राउंडवर जोडणी मिळाली म्हणून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा टाकायचा नाही. पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत डोंगर करून बसतं. टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग आंघोळीच्या पाण्याची ग्रे, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे सगळं हातवारे करून, आतला पराठा पुरता न गिळता. स्वतः कधी एक थेंब न सांडलेल्या माणसाचं इतकं अनुभवसिद्ध व्याख्यान मी दुसरं ऐकलेलं नाही.

जोडप्याचा जीव भांड्यात पडला. मुलगी म्हणाली, “घेऊ या ना.” सेल्समन धावत आला, कागद काढले, काकांना खुर्ची दिली, कॉफी दिली, वर एक टोपीही घातली. मुलाने पेन उघडलं.

काका कॉफीचा घोट घेऊन त्याच्याकडे झुकले. “आज सही करू नकोस. रविवारी संध्याकाळी ये. शेवटच्या दिवशी हे लोक पाय धरतात.”