वहीची प्रकृती उत्तम

पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात पाऊस सुरू झाला की दोन पाहुणे हमखास येतात: साप आणि पाहणीला येणारे साहेब. साप बहुधा रात्री, साहेब बहुधा जेवणाआधी. दोघांनाही तोंड द्यायचं ते दवाखान्यातल्या सिस्टरनं. सापावर निदान उतारा तरी आहे.

साहेब आले की कपाट उघडतं. स्टॉक बुक, इंडेंट बुक, मुदत संपत आलेल्या औषधांची वही, लसींच्या फ्रिजच्या तापमानाचा तक्ता, त्यात दिवसातून दोनदा नोंद, रविवारीही. वर तीच नोंद ‘ई-औषधी’ या ऑनलाइन प्रणालीत पुन्हा चढवायची, रेंज आली तर. साहेब सह्या मोजतात. वाटेत रुग्ण भेटलाच तर “बरं आहे ना?” विचारतात. रुग्ण मान हलवतो. वहीची प्रकृती उत्तम असल्याचा शेरा पडतो.

नोंद नको, असं कोण म्हणेल? नर्सिंगला पाच ‘बरोबर’ घोकून घेतात: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ. पालघर २०१४ पर्यंत ज्या जिल्ह्यात होता, त्या ठाण्यातल्या कळव्यात सप्टेंबर २०२१ मध्ये कोविडची लस घ्यायला आलेल्या माणसाला रेबीजची लस टोचली गेली. केस पेपर वाचलाच नव्हता. त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळच्या कापसी-कोपरी गावात बारा मुलांच्या तोंडी पोलिओऐवजी सॅनिटायझरचे थेंब गेले. कळव्यात सिस्टर निलंबित झाली. सहावा ‘बरोबर’ आपल्याकडे कधी चुकत नाही: कारवाईसाठी बरोबर माणूस, सर्वांत खालचा.

आता सापाच्या विषावरचा उतारा घ्या. कुपीत भुकटी असते. एक कुपी १० मिली पाण्यात, तीही खळखळ न हलवता हळूहळू फिरवून विरघळवायची. सुरुवातीला अशा साधारण दहा. मोठ्याला दहा, तशाच पोरालाही. लहान मूल म्हणून साप काही विष कमी सोडत नाही. कुप्या विरघळवायच्या, सलाईन लावायची, अंगावर पित्त उठतं का, धाप लागते का ते बघत बसायचं, आणि त्याच दोन हातांनी बॅच नंबरही उतरवायचा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा, असं भारतीय परिचर्या परिषद सांगते. हे गुणोत्तर रात्रपाळीत कुणाला भेटलं, तर वाचकांनी कळवावं.

मग व्हायचं तेच होतं. डोस सहाचा, टिक आठची. पाळी बदलताना, ओव्हर देताना सगळ्या टिका एका रांगेत, एका पेनानं, एका वळणानं बसतात. इतकं सुंदर अक्षर गडबडीच्या वॉर्डात उमटत नसतं, हे साहेबांनाही ठाऊक असतं.

झटके आलेल्या गरोदर बाईपाशी मात्र हसू मावळतं. तिला मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं: ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, मिळून १४ ग्रॅम. मग १०८ ची गाडी, जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, नाहीतर घाटरस्त्यानं नाशिक. नाशिकच्या सिस्टरला मोखाड्याचं कपाट दिसत नाही, फक्त चिठ्ठी दिसते. चिठ्ठीवर ‘उपचार करून पुढे पाठवले’ एवढंच असेल, तर दोन वाटा उरतात. डोस पुन्हा दिला, तर आधी गुडघ्याची उडी थांबू शकते, मग श्वास. नाही दिला, तर झटका परत येऊ शकतो. रिकाम्या कुपीचा बॅच नंबर तेवढा कपाटात सुखरूप असतो.

तेव्हा पुढच्या पाहणीला येणाऱ्या साहेबांना विनंती: कपाटाआधी रेफरच्या चिठ्ठ्यांची स्थळप्रत मागावी. औषध, मात्रा, वेळ, सही, एवढंच बघावं. नसेल, तर नोटीस काढण्याआधी एका रात्रपाळीत स्टॉक बुक स्वतः लिहायला बसावं. पेन सिस्टर देईल.