प्रेमनायक-बलमीमांसा

विषयप्रवेश. प्रेमकथेच्या नायकाचे बळ नेमके कशात असते, हा प्रश्न किरकोळ म्हणून थोरांनी टाळला, असा समज आहे. तो निराधार आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नायकांचे चार प्रकार रीतसर मांडले: धीरोदात्त, धीरोद्धत, धीरप्रशांत आणि धीरललित. प्रेमातल्या वर्तनावरून आणखी चार: अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. दंडाचा घेर मात्र कोणत्याच प्रकारात धरलेला नाही. ही विसरभोळेपणाची चूक नव्हे, हे पुढे सिद्ध होईल.

लक्षण. प्रेमाला सर्वांत लायक तो धीरललित; म्हणजे निश्चिंत, कलासक्त, सुखी आणि मृदू. तो निश्चिंत का, याचा खुलासा टीकाकार धनिक करतो: त्याचा योगक्षेम सचिव वाहतात. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे.

उदाहरण. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तला उदयन. राज्य गेलेले आहे. ते परत मिळवायला मगधाशी सोयरीक हवी, म्हणून अमात्य यौगंधरायण लावाणक गावातली आग आणि राणी वासवदत्तेच्या मृत्यूची आवई असा घाट घालतो, वेषांतर करतो, राणीला मगधाच्या राजकन्येकडे, पद्मावतीकडे, ठेव म्हणून सोपवतो. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नातली माळसुद्धा वासवदत्तेलाच गुंफावी लागते. उदयनाकडे दोनच खाती: शोक आणि झोप. दोन्ही तो मनापासून सांभाळतो. शेवटी राज्य मिळते, पहिली राणी मिळते, दुसरी असतेच.

पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, उदयन मुळातच वीणा वाजवणारा; अर्जुनाचे काय? उत्तर: किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ (१८८२) पाहावे. त्रिभुवनातला पहिला धनुर्धर इथे यतीच्या वेषात बसून आहे. बलरामाला गुंडाळण्यापासून सुभद्रेच्या भेटीपर्यंत सगळी खटपट कृष्णाची. धनुष्य असूनही उपयोग मेहुण्याचाच झाला.

अपवादविचार. ‘मृच्छकटिका’तला चारुदत्त कफल्लक, त्याला अमात्य कुठून असणार? पण बारकाईने पाहावे. प्रेयसी वसंतसेनेने ठेवलेले दागिने रात्री राखायला मित्र मैत्रेय. चोर भिंत फोडून ते नेतो, तेव्हा चारुदत्त उठून त्या भोकाच्या कारागिरीची तारीफ करतो आणि चोर रिकाम्या हाताने गेला नाही याचे समाधान मानतो. भरपाई बायकोच्या रत्नमाळेतून; ती पोचवायला पुन्हा मैत्रेयच. नायक त्यासाठी दाराबाहेर पडत नाही. भर पावसात वसंतसेना स्वतः येते. अमात्य नसला, तर घरातली सगळी माणसे मिळून तेवढे काम करतात.

सिद्धान्त. प्रेमनायकाचे बळ त्याच्या अंगात नसून त्याच्यासाठी राबणाऱ्यांच्या अंगात असते. ज्याच्या नावावर जितकी दुसऱ्याने केलेली कामे, तितकी त्याच्या डोळ्यांत हुरहुर जास्त. कारण हुरहुर लागायला मोकळा वेळ लागतो. स्वतः रेशनच्या रांगेत उभा राहणारा पुरुष धीर असतो, ललित नसतो.

उपयोजन. स्थळ पाहताना पत्रिका आणि पगार यांच्या आधी मुलाचा यौगंधरायण कोण, हे विचारावे. चहाच्या वेळी मुलगा छान हळवे बोलत असेल आणि आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत असेल, तर उत्तर मिळालेच. ती आई असेल, तर पुढचा यौगंधरायण कोण व्हायचा, याचाही मुलीने तिथेच हिशेब करावा.