बाटलीवाले

तुमच्या ओळखीत असा एक माणूस असणारच. त्याच्याकडे जुनी गाडी असते, ती आरशासारखी लखलखत असते, आणि आपण आत बसायला दार उघडलं की तो 'या, बसा' म्हणायच्या आधी ओरडतो, "पाय जपून! बाटली आहे!"

आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना सगळे बाटलीवाले म्हणतात. खरं आडनाव चांगलं देशस्थी आहे, पण ते आता फक्त लाइट बिलावर उरलंय. गाडी प्रीमियर पद्मिनी. तिला 'फियाट' म्हटलं की १९६४ च्या ११०० डिलाइटपासून कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास ऐकावा लागतो, आणि 'पद्मिनी' म्हटलं तरी ऐकावा लागतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा यांनी दिवसभर दाढी केली नव्हती.

पण इतिहास परवडला. बाटली नको. पुढच्या सीटच्या कडेला, जिथे शेजारी बसणाऱ्याच्या टाचा यायला हव्यात, तिथे आडवी बसवलेली ती लालभडक एक किलोची आग विझवायची बाटली. खासगी गाडीला ती सक्तीची नाही, हे मी एकदाच म्हणालो. "हेल्मेट सक्तीचं आहे. किती पुणेकर घालतात?" हे उत्तर आलं आणि पुढे कात्रजपर्यंत प्रवचन. जुन्या गाडीतली रबरी नळी पन्नास वर्षांत कडक होते, तिला तडे जातात. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला खातं. वायरिंग म्हाताऱ्या माणसाच्या शिरांसारखं, फ्यूज मोजके. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचे चार थेंब पडायची खोटी! "आणि मग तुम्ही काय करणार?" मी उतरून पळेन, असं म्हणालो. "बरोबर!" ते म्हणाले, "आधी इंजिन बंद, मग माणसं बाहेर, मग बाटली. पण पळताना हात पोहोचला पाहिजे. बसल्या जागेवरून हात पोहोचतो का?"

हा प्रश्न म्हणजे बाटलीवाल्यांचं तत्त्वज्ञान. बाटली डिकीत ठेवणारा त्यांच्या लेखी मूर्ख. मागून धडक बसली की डिकी उघडत नाही. बॉनेटखाली ठेवणारा महामूर्ख. आणि सीटखाली नुसती सरकवून ठेवणाऱ्याला तर त्यांच्या राज्यात फाशी आहे, कारण घाटात उतरताना ती घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते. मग आग लागायची वाट बघावी लागत नाही.

बसवायची कशी, यावर एक अख्खा उन्हाळा गेला. प्लॅस्टिकचा क्लॅम्प आणला तो दुकानदाराच्या अंगावर परत गेला. धडकेत बाटली सुटली तर तीच डोक्यात बसेल. पत्र्याचा, झटक्यात उघडणारा क्लॅम्प मिळाला. पण तो ठोकायचा कुठे? मिस्त्रीने ड्रिल हातात घेतलं मात्र, बाटलीवाले गाडीसमोर आडवे झाले. कंपनीच्या मूळ फ्लोअरला भोक? छे! एकीकडे गाडी जळू नये म्हणून जीव टाकायचा आणि दुसरीकडे पाच मिलिमीटरच्या भोकासाठी डोळ्यांत पाणी आणायचं, हे दोन्ही एकाच छातीत मावतं कसं हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी सीटच्या रुळांचे जे मूळ बोल्ट होते त्यांच्याखालीच जाड पत्र्याची पट्टी धरली, मोठे वायसर घातले, लॉकनट आवळले आणि पट्टीवर क्लॅम्प आला. मग पट्टा बांधून स्टिअरिंगमागे बसले आणि हात लांब केला. पोहोचला. मिस्त्रीला पेढे मिळाले.

तेव्हापासून जगातल्या प्रत्येक गोष्टीला हीच कसोटी. मंगल कार्यालयात पंगतीला मीठ दूर असलं तर वाढप्याची शाळा घेतात. माझ्या मेहुण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आले, तब्येतीची चौकशी राहिली बाजूला, नर्सला बोलवायची बेल कुठे आहे ते पाहिलं आणि त्या अर्धवट शुद्धीतल्या माणसाला म्हणाले, "जरा हात करून दाखवा बरं. बसल्या जागेवरून पोहोचतो का?"

थर्टी फर्स्टच्या रात्री नाकाबंदीत आम्हाला अडवलं. हवालदाराने टॉर्च मारला. "सीटजवळ काय आहे?" बाटलीवाले अभिमानाने म्हणाले, "बाटली. एक किलोची." हवालदाराचे डोळे चमकले. मी मनातल्या मनात जामीनदार शोधू लागलो. पुढच्या वीस मिनिटांत तो हवालदार स्टिअरिंगमागे बसून, पट्टा लावून हात लांबवत होता आणि मागे सबंध पुणे हॉर्न वाजवत होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी ते बाटली काढतात, उलटी करून खांद्याशी धरतात आणि बुडावर थोपटतात. गाडीच्या हादऱ्यांनी आतली पावडर दाबून बसते, म्हणून. शेजारच्या सूनबाई बाळाला ढेकर काढायला त्याच वेळी गॅलरीत येतात. दोघांची नजरानजर होते, पण कोणी हसत नाही.

मग दुसरी बाटली आली. पावडरने आग विझते, पण ती अॅल्युमिनियमला आणि वायरिंगला नंतर खात बसते. म्हणून मागे काही न ठेवणाऱ्या गॅसची, चांगली महागडी बाटली. तिला खास नवी पट्टी झाली. "ही आपल्या गाडीसाठी," त्यांनी सांगितलं, "आणि पावडरची लोकांच्या गाड्यांसाठी." इतका स्वच्छ स्वार्थ मी फार कमी पाहिलाय.

आता आमच्या सोसायटीतही बाटल्या आहेत. सहा. चोरीला जाऊ नयेत म्हणून सेक्रेटरींनी त्या मीटर रूममध्ये कुलपात ठेवल्यात. किल्ली त्यांच्याकडे, आणि ते नातवंडाला बघायला बंगळुरूला. बाटलीवाल्यांनी यावर सभेत विषय काढला होता. इतिवृत्तात 'सदस्यांनी चर्चा केली' अशी नोंद आहे.

पावसाळ्यात एका रात्री खालच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या पोराची चेतक पेटली. आजोबांची स्कूटर, पोरगं हौसेने चालवायचं. आम्ही सगळे धावत गेलो आणि ज्याला जे येतं ते केलं, म्हणजे व्हिडिओ. वॉचमन कुलपाशी झटत होता. लुंगीवर आलेल्या बाटलीवाल्यांनी पद्मिनीचं दार उघडलं. पावडरची बाटली हाताशी होती. त्यांनी वाकून पलीकडची काढली. ती महागाची. बंद पार्किंगमध्ये वारा नव्हता, गॅस टिकला. दहाएक सेकंदांत ज्वाळा बसल्या. मग पेट्रोलचा कॉक बंद करून ते तासभर स्टूल टाकून तिथेच बसले, पुन्हा पेट घेते का बघत.

कमिटीने बाटली भरायचा खर्च नाकारला. वैयक्तिक हौस, असं पत्रात लिहिलंय. त्यावर ते काही बोलले नाहीत. पोराने मात्र दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, पावडर का नाही मारली?"

"तुझ्या आजोबांचं वायरिंग आहे ते," बाटलीवाले म्हणाले. "मूळचं."

हल्ली रविवारी दोघं पार्किंगमध्ये बसलेले असतात. चेतकला अर्ध्या किलोची बाटली बसवायची आहे. पोराचं म्हणणं, डिकीत. भोक पाडायचं नाही यावर एकमत आहे, बाकी कशावर नाही. चहा आमच्या घरून जातो.