सज्जनपणाचं भाषांतर

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. ही म्हण आपली खरी, पण हल्ली नांदते स्पेनच्या विद्यार्थी-व्हिसात.

पुण्यातल्या पोरीला सालामांकात स्पॅनिश शिकायचंय. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. त्या मानाने आपली व्हिसाची फाइल कालपरवाची, तरी जाडी तेवढीच. मुक्काम १८० दिवसांहून जास्त, म्हणून गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला. तो खरा आहे असं सांगणारा अपोस्टिलचा शिक्का. मग अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर. कशात? स्पॅनिशमध्ये! जी भाषा येत नाही म्हणून निघालो, तिच्यातच आधी सज्जन ठरायचं. वर डॉक्टरांचा दाखला आणि आरोग्यविमा. खर्चाला दरमहा ६०० युरो आहेत हेही दाखवायचं. त्यासाठी बाबांच्या एफड्या वर्षानुवर्षांच्या झोपेतून उठून कागदावर ओळीने उभ्या राहिल्या.

सगळं रचून झाल्यावर आजीने फाइल हातात तोलली, चार पानं उलटली आणि म्हणाली, “अगं, एवढं स्पॅनिश घरातच झालं की! आता जातेस कशाला?”