आधी देवाला भेटा

व्हिसाच्या अर्जात येण्याचा उद्देश विचारतात. ‘मिशन ट्रिप’ला निघालेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या परदेशी पोराची पहिली सत्त्वपरीक्षा तिथेच होते. आपल्याकडे पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. मिशनऱ्यांचा व्हिसा वेगळा, आणि तो काढायचा म्हणजे ख्रिस्ती माणसालाही कागदपत्रांचं रामायण वाचावं लागतं.

दुखणं जुनंच आहे म्हणा. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. तर हे गुपचूप बोटीत बसून कोचीनला सटकले आणि तिथून पकडून परत आणले गेले. अमेरिकन मराठी मिशनचा श्रीगणेशा असा फरारीने झाला. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना दार उघडलं, आणि हॉलसाहेब पुढे इथलेच झाले.

त्याहून मजा केरळच्या ख्रिश्चनांची. संत थॉमस इसवी सन 52 मध्ये आपल्याकडे आला, अशी त्यांची परंपरा. म्हणजे देशातले सर्वांत जुने ख्रिश्चन. पण केरळाबाहेर आपल्या सिरो-मलबार रीतीने मिशन चालवायचं तर रोमची मोहर लागायची. ती चांद्यासाठी, म्हणजे चंद्रपूरसाठी, उमटली 1962 मध्ये. मग सीएमआय या केरळी संघाचे धर्मगुरू आले. नारळीच्या झाडाखालून निघून ज्वारीच्या शेतात उतरलेल्या त्या पोरांना पासपोर्ट लागला नाही, एवढाच काय तो फरक, बाकी परदेशच. 1999 मध्ये चांद्यातून आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि बिशपांची गादी मंचेरियालला आली. 2016 मध्ये तेलंगण सरकारने आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे केले, मंचेरियाल वेगळं झालं. आता आदिलाबादचे बिशप आदिलाबाद जिल्ह्यात बसत नाहीत. स्वर्गाचा नकाशा सरकारी नकाशापेक्षा जास्त टिकतो तो असा.

तर आपला पोरगा आदिलाबादेत पोचला असं धरू. मोबाइलवर घोटून तेलुगू शिकून आलाय. उटनूरकडच्या गोंड गुड्यात एक आजी त्याच्याशी गोंडी बोलते, त्याला कळेना म्हणून मराठीवर येते, आणि तरीही कळेना म्हणून शेवटी पाणी देते. शेजारच्या वस्तीत कोलामी, पलीकडच्या तांड्यावर लंबाडी, बाजारात उर्दू. तेलुगूचा उपयोग तहसीलमध्ये होईल, पण तिथे हा ज्या व्हिसावर आलाय तो पाहता न गेलेलं बरं. (निजामाच्या नोकरीत इथे आलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडी शिकून चक्क तिचं व्याकरण लिहिलं. त्यांच्याकडे धर्मही विकायला नव्हता आणि परतीचं तिकीटही खिशात नव्हतं.)

भाषेचं निभावेल. खरी पंचाईत गोष्टीची. पोरगा समुद्र ओलांडून आलाय ती एक गोष्ट सांगायला: आपल्याच माणसाने धरून दिलेला, मारला गेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला तारणारा. इकडे गोंडांचा गायक परधान किकरी मांडीवर घेतो, गजाने तारा छेडतो आणि गोंडांच्या तारणाऱ्याचं, लिंगोचं गाणं लावतो. लिंगोला त्याच्याच गोंड भावांनी मारलं, डोळे काढले. मग देवाने अमृत धाडलं आणि लिंगो उठून बसला. उठल्यावर रुसला नाही, तर गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघाला. पोरग्याची गोष्ट दहा मिनिटांत संपते, परधानाची रात्रीला पुरून उरते. आता कोणी कोणाला काय सांगायचं?

हे कोडं स्टीफन हिस्लॉपला पडलं होतं. स्कॉटलंडचा हा सत्तावीस वर्षांचा पाद्री 1845 मध्ये नागपूरला आला, आधी मराठी शिकला, मग रानात गोंडांकडे वळला. आला होता सांगायला, बसला लिहून घ्यायला. लिंगोचं ते गाणं एका परधानाकडून त्याने उतरवून घेतलं. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. कागद मागे राहिले, ते 1866 मध्ये रिचर्ड टेम्पलने छापले. आज हिस्लॉपचं नाव एका कॉलेजला आहे, एका खनिजालाही आहे. बाप्तिस्म्यांचा आकडा कोणी विचारत नाही. पण अठरा वर्षं लागली त्याला. पंधरवड्याच्या ट्रिपमध्ये एवढं ऐकायला फुरसत कुठली? दोन दिवस प्रवासात, दोन पोटात, एक फोटोत, आणि उरलेल्यात अख्ख्या जमातीचा उद्धार.

याच आदिलाबादेत इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला पौषाच्या अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांच्या मेसराम कुळाची मंडळी गोदावरीचं पाणी झारीत भरून पायी आणतात, मग पूजा होते. आणि कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी वस्त्रं नेसून, डोक्यावरून पदर ओढून देवापुढे उभ्या राहतात. या विधीला नावच आहे ‘भेटिंग’. तोवर ती सून कुळाच्या पूजेत धरली जात नाही. रीत सरळ आहे: नवख्याने आधी इथल्या देवाला भेटायचं, ओळख द्यायची. आमचा पोरगा उलटं करतो. स्वतःचीच ओळख पटलेली नाही, आणि हा लोकांची देवाशी गाठ घालून द्यायला निघालाय.

त्याला हसणाऱ्यांनीही फार हसू नये. गोरा चेहरा गल्लीत दिसला की ‘धर्मांतर, धर्मांतर’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर आरोळी ठोकणारे आमचे काका जूनच्या तोंडावर कुठे असतात? कॉन्व्हेंटच्या फाटकाशी, पहाटे सहाला, नातवाच्या ॲडमिशनच्या रांगेत. आणि सिस्टर दिसल्या की हात जोडतात ते थेट कोपरापासून.